मागच्या सीटला लघवीचा वास: धुऊन झालं, तरी पावसात परत येतो

घोडबंदर_हॅचबॅक

हॅचबॅक, मागची सीट कापडी, राखाडी रंगाची. अडीच वर्षांच्या मुलाची शू डाव्या बाजूला सीटवर झाली, त्याला महिना होत आला. त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसलं, शाम्पूचा फेस लावून घासलं, वरून फिनेलचं पाणी मारलं. आता फिकट पिवळी कड तेवढी दिसते. ऊन होतं तोवर वास नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी दार उघडलं की उग्र दर्प येतो. गाडी स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) उभी असते, ऊन लागत नाही. मीटर रूमजवळ एक प्लग आहे, परवानगी मिळू शकेल.

विचारायचं हे, की वास कापडात आहे की आतल्या फोममध्ये, हे ओळखायचं कसं? सीट न काढता काम होईल का? व्हिनेगर, खायचा सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, एन्झाइम यांतलं काय, किती आणि कोणत्या क्रमाने? आणि इंटीरियर 'ड्रायक्लीन' करून देणारे आतला फोम खरंच साफ करतात का?

---

कुशनकाम_नौपाडा

पावसात वास परत आला, म्हणजे माल फोममध्ये आहे. कापडातला वास शाम्पूनेच गेला असता.

आधी सीटची रचना लक्षात घ्या. वर कापड, कापडाला मागून चिकटवलेला पातळ फोम, त्याखाली साच्यात ओतलेली जाड पीयू (पॉलीयुरेथेन) फोमची गादी, आणि खाली तारेची फ्रेम किंवा थेट गाडीचा पत्रा. शाम्पूचा फेस आणि ब्रश पहिल्या दोन थरांपर्यंतच पोचतात. लघवी मात्र पाण्यासारखी पातळ असते, ती मिनिटाभरात गादीत उतरते आणि आत पसरते. वर वीतभर डाग दिसत असेल तर आतला ओला भाग त्याच्या दीडपट तरी मोठा असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मागच्या सीटची बैठक मागे उतरती असते. त्यामुळे शू पुढे झाली तरी ओघळ मागे जातो आणि बैठक व पाठ जिथे मिळतात त्या फटीत साचतो. तिथून खाली पत्र्यावर किंवा गालिच्याखालच्या नमद्यात (जाड लोकरीसारख्या थरात). पुढचा डाग कितीही घासा, वास त्या फटीतून येत राहतो.

ओळखायची सोपी रीत: गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी दार उघडल्याबरोबर तीन ठिकाणी नाक अगदी जवळ न्या. डागावर, मागच्या फटीत आणि पायाखालच्या गालिच्यावर. मग डागावर पांढरा टिश्यू ठेवून गुडघ्याने अर्धा मिनिट जोरात दाबा. टिश्यू दमट किंवा पिवळसर झाला तर फोम अजून ओला आहे. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, वाळलेली लघवी पिवळट-हिरवट चमकते. पण तुम्ही आधी शाम्पू लावलाय. शाम्पूत किंवा कपड्यांच्या साबणात चमक आणणारी द्रव्यं असू शकतात, तीही निळसर चमकतात, म्हणून निळं दिसेल ते सगळं लघवी समजू नका.

माझ्या मते बैठक बाहेर काढून काम करा. मागची बैठक काढणं वाटतं तेवढं अवघड नसतं.

---

लॅब_तुर्भे

रसायनाचं मी लिहितो, सीट काढायचं दुसरं कोणी लिहा.

ताजी लघवी किंचित आम्लधर्मी असते आणि तिला फारसा वास नसतो. तिच्यात साधारण २ टक्के युरिया असतो. जंतू त्याचा अमोनिया करतात, तोच नाकाला झोंबतो. युरिक ॲसिडबद्दल ऑनलाइन खूप लिहिलेलं असतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही हे खरं, पण माणसाच्या लघवीत ते युरियाच्या मानाने फारच थोडं असतं. तुमच्या सीटमध्ये मुख्य अडचण आहे ती क्षारांची, उरलेल्या युरियाची आणि जंतूंची. ऊन होतं तेव्हा फोम वाळला, जंतूंचं काम थांबलं. जुलैत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली, क्षारांनी ओलावा धरला आणि काम पुन्हा सुरू झालं. फिनेलने वरचे जंतू मारले, आतल्यांना हात लागला नाही. वर त्याचा स्वतःचा वास मिसळला तो वेगळाच.

म्हणून पहिलं औषध साधं पाणी. ओतायचं आणि ओढून काढायचं. रसायनं त्यानंतर. लहान मुलाची शू १०० ते १५० मिली धरा. दर फेरीला २०० ते २५० मिली कोमट पाणी डागाच्या कडेपासून मध्याकडे हळूहळू ओतायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग वेट-ड्राय व्हॅक्यूमने (पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) ओढायचं. पहिल्या फेरीचं पाणी पिवळट, फेसाळ येईल, कारण जुना शाम्पूही आतच आहे. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत फेऱ्या करायच्या. तीन-चार तरी लागतात. उकळतं पाणी किंवा स्टीम नको. उष्णतेने डाग पक्का बसतो आणि वाफ घाण आणखी खाली ढकलते.

घोडबंदर पट्ट्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर शेवटच्या फेरीला ते वापरू नका. जड पाणी वाळलं की पांढरी कड धरते आणि डाग गेला नाही असं वाटत राहतं. बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर किंवा घरच्या आरओचं पाणी घ्या.

पाण्यानंतरही अमोनियाचा वास उरला तर व्हिनेगर. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर ४ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यात तेवढंच पाणी मिसळा. असं २०० मिली मिश्रण मुरवून १५ मिनिटांनी ओढून घ्या. व्हिनेगर अमोनियाचा बिनवासाचा क्षार बनवतं, पण तो क्षार फोममध्येच राहतो. म्हणून लगेच साध्या पाण्याची आणखी एक फेरी करायची. पुष्कळ लोक नेमकं इथे व्हिनेगरवर खायचा सोडा टाकतात. फसफसतं, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं. होतं एवढंच, की दोघं एकमेकांना मारतात. सोडा जास्त पडला तर माध्यम अल्कधर्मी होऊन अडकलेला अमोनिया पुन्हा मोकळा सुटतो. सोडा वापरायचा तर सगळं वाळल्यावर, कोरडा. तीन-चार मोठे चमचे भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. ओल्या फोमवर टाकलात तर त्याची खडी होते आणि ती शिवणीतून निघत नाही. आणि हो, खायचाच सोडा. धुण्याचा सोडा फार तीव्र असतो.

पेरॉक्साइड फक्त कापडावरच्या पिवळ्या कडेसाठी. औषधाच्या दुकानात जी बाटली मिळते तिच्यावर बहुधा '६ टक्के, २० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, कापसाने कडेवर लावा, १० मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपून घ्या. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून बघा. राखाडी कापड फिकं पडू शकतं, आणि उडालेला रंग परत येत नाही. व्हिनेगरमध्ये पेरॉक्साइड मिसळू नका, डोळ्यांना आणि घशाला झोंबणारं पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं. पेरॉक्साइड आणि सोडा कालवून बंद स्प्रे बाटलीत ठेवायचं नाही, दाबाने बाटली फुटते.

आणि ब्लीच तर अजिबात नाही. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संबंध आला की क्लोरामाइन वायू सुटतो. गाडीसारख्या बंद जागेत तो फुप्फुसांना घातक आहे.

---

घोडबंदर_हॅचबॅक

दोघांचेही आभार. सकाळी वास घेऊन बघितला. सगळ्यात जास्त मागच्या फटीतच आहे, गालिच्याला जवळजवळ नाही. एन्झाइमचं राहिलं. आमच्या सोसायटीत लिंबा-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम करून वाटतात, ते चालेल का?

---

लॅब_तुर्भे

नाही. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने आंबवलेलं, तेच ना? ते लादी पुसायला छान आहे. पण त्यात मुख्यतः आम्ल असतं, म्हणजे एक प्रकारचं व्हिनेगरच. वर उरलेला गूळ. फोममध्ये गेलं तर चिकटपणा येईल आणि मुंग्या लागतील.

बाजारात पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात लघवीसाठीचा एन्झाइम क्लीनर मिळतो, तो वेगळा. त्यात जंतू किंवा तयार एन्झाइम असतात आणि ते युरिया, प्रथिनं वगैरे तोडतात. बाटलीवर 'एन्झाइम' किंवा 'बॅक्टेरिया' असा स्पष्ट उल्लेख बघा. नुसतं 'ओडर रिमूव्हर' म्हणजे बऱ्याचदा अत्तर.

तो फुकट जाण्याची कारणं ठरलेली आहेत. आधीचा शाम्पू, फिनेल किंवा व्हिनेगर फोममध्ये असेल तर एन्झाइम आणि जंतू तिथेच मरतात, म्हणून आधी पाण्याच्या फेऱ्या पूर्ण करा. दुसरं, लोक दोन फवारे मारून पुसतात. जितकी लघवी तितका तरी क्लीनर आत जायला हवा, तुमच्याकडे साधारण १५०-२०० मिली. फवाऱ्याने तो खाली पोचत नाही. ५० मिलीची सिरिंज घ्या आणि फटीच्या बाजूने क्लीनर थोडा थोडा आत सोडत जा. तिसरं, तो ओला असेपर्यंतच काम करतो. वरून प्लास्टिक अंथरून बाटलीवर लिहिलेला वेळ द्या. वेळ लिहिला नसेल तर रात्रभर. संध्याकाळी लावणं बरं. उन्हात बंद गाडीत तो वाळतो आणि तापतो, दोन्ही वाईट.

---

नेरूळ_डिटेलिंग

क्रम बरोबर सांगितलाय. पण पावसाळ्यात हे काम बिघडतं ते वाळवताना. फोम दोन दिवस ओला राहिला की बुरशी धरते, आणि मग लघवीच्या वासाऐवजी कुबट वास येतो. त्यावर व्हिनेगर-एन्झाइमचा फारसा उपयोग नाही. म्हणून वाळवायची सोय आधी लावा, पाणी मग ओता. प्लगची परवानगी मिळाली नसेल तर सुरुवातच करू नका.

बैठक काढायची पद्धत अशी. बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये बैठकीच्या पुढच्या कडेला खाली दोन क्लिपा असतात, डावी आणि उजवी. दारातून आत वाकून कडेखाली नेमकं क्लिपेपाशी दोन्ही हात घाला आणि सरळ वर झटका द्या. पुढे ओढलंत तर क्लिप तुटते. दोन्ही सुटल्या की बैठक थोडी पुढे सरकवून मागच्या हुकांतून काढा, बेल्टची बकलं खाचांतून सोडवा. काही गाड्यांत क्लिपांऐवजी बोल्ट असतात, बऱ्याचदा १२ चा पाना लागतो. मॅन्युअल बघून घ्या. नारिंगी वायर दिसली तर ती हाय व्होल्टेजची, पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा. दोन्ही ठिकाणी हात थांबवायचा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा उद्योग सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

बैठक निघाल्यावर खालचा पत्रा ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तिथेच फ्यूल पंपाचं झाकण आणि वायरिंग असतं, तिथे पाणी ओतायचं नाही. गंजाची सुरुवात दिसली तर आत्ताच कळलं हे बरंच.

पुढच्या सीटचं मात्र वेगळं आहे. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्ट न लावल्याची सूचना सक्तीची झाली. त्यासाठी ड्रायव्हरशेजारच्या बैठकीत बहुधा वजन ओळखणारी पातळ सेन्सर मॅट असते. तिच्यावर लिटरभर पाणी ओतलं की सीट रिकामी असूनही बेल्टचा दिवा आणि बीप चालू राहते. तिथे सिरिंजने थोडं थोडं आणि व्हॅक्यूम लगेच. पाठीत साइड एअरबॅग असेल तर सीट काढायचा विचारच सोडा.

आता वाळवणं. बैठक बाहेर काढली असेल तर खोलीत उभी करून ठेवा, खालची बाजू पंख्याकडे. पाणी खाली उतरतं, म्हणून दर तीन-चार तासांनी कड बदला. काढली नसेल तर दोन्ही मागची दारं उघडी ठेवून एका दारात टेबल फॅन लावा, वारा आरपार जायला हवा. दार उघडं म्हणजे आतला दिवा चालू आणि सकाळी बॅटरी झोपलेली. दाराच्या कडेला लॅच असतो तो स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद स्थितीत आणा, गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळा करायचा, नाहीतर दार आपटून तो वाकेल.

बाहेर धो धो पाऊस असेल तर हवाच दमट, पंखा फारसं काही करत नाही. मग गाडी चालवा. काचा बंद, एसी चालू, हवा आतल्या आत फिरती, आणि शक्य असेल तर तापमानाची कळ गरमवर. एसी हवेतलं पाणी काढून खालच्या नळीतून टाकतो. ऐरोलीहून बेलापूरपर्यंत ठाणे-बेलापूर रोडने जाऊन-येऊन बराच फरक पडतो. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून वाळवत बसू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

'ड्रायक्लीन'बद्दल: त्या नावाखाली बहुतेक ठिकाणी फेस, ब्रश आणि पुसणं एवढंच असतं. धुळीला ठीक, लघवीला निरुपयोगी. विचारायचे प्रश्न तीन. एक्स्ट्रॅक्शन मशीन (पाणी सोडून लगेच ओढून घेणारं) आहे का, मागची बैठक बाहेर काढणार का, आणि गाडी किती वेळ ठेवून घेणार. पावसाळ्यात दोन तासांत गाडी परत देतो म्हणणारा ओला फोम परत देतोय. केबिनमध्ये ओझोन वायू सोडणाऱ्या मशीनची सेवाही विकतात. केबिनच्या हवेतला आणि पृष्ठभागावरचा वास त्याने जातो, गादीच्या आत तो पोचत नाही. फोम साफ आणि कोरडा झाल्यावर, शेवटचा हात म्हणून ठीक. मशीन चालू असताना गाडीत कोणी बसायचं नाही आणि नंतर अर्धा-एक तास दारं उघडी.

---

कुशनकाम_नौपाडा

सीट काढण्याबाबत एक भर. बैठक काढली की कापड उतरवायचा मोह होतो. खालून हॉग रिंग म्हणतात त्या तारेच्या कड्यांनी ते ओढून बसवलेलं असतं. कड्या कापल्या तर नव्या कड्या आणि त्यांचा पक्कड लागतो, नाहीतर कापडाला सुरकुत्या पडतात. घरी करू नका, गरजही नाही. उलटी बैठक बादलीवर धरून खालून पाणी सोडलं तरी फोम धुतला जातो. उतरवलंच तर ते कापड गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकायचं नाही, मागचा पातळ फोम सुटतो.

सगळं करूनही वास राहिला, तर कुशनवाल्याकडून फोमचा तेवढाच भाग कापून ४० डेन्सिटीचा तुकडा बसवून घेता येतो. अख्खी सीट बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

---

कोपरखैरणे_४००७०९

चाइल्ड सीट होती का वर? असेल तर तिचं कव्हर काढून बघा, अर्धा वास तिथेच सापडेल. कव्हर लेबल वाचून धुवायचं. पण पट्टे काढून बादलीत भिजवायचे नाहीत, व्हिनेगर-ब्लीच लावायचं नाही, मशीनमध्ये तर नाहीच. विणीची ताकद कमी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. गाडीच्या बेल्टलाही हाच नियम. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावून ठेवा, ओला आत गेला की रीलमध्ये कुजतो.

आर्ट लेदरचं सीट कव्हर चढवलेलं असेल त्यांच्यासाठी: वरून पुसलं की चकाचक दिसतं, पण लघवी शिवणीच्या सुईच्या भोकांतून खाली गेलेली असते आणि वर रेक्झिन असल्याने वाळतही नाही. कव्हर काढल्याशिवाय काही करू नका.

---

सानपाडा_सेडान

जरा वेगळा प्रश्न. इकडे असाच वास येतो, पण फक्त एसी लावला की. लहान मूल नाही, कुत्रा नाही. सीटवर काही सापडत नाही.

---

नेरूळ_डिटेलिंग

बहुधा उंदीर. पावसात ते कोरड्या जागी येतात. ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर बाहेर काढा. लेंड्या, कापलेला कागद, पिवळे डाग दिसले तर फिल्टर धुऊन परत लावू नका, नवा टाका. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, म्हणून रबरी हातमोजे आणि मास्क घालून काम करा. कोरडं झटकू नका आणि ब्लोअरने हवा मारू नका. आधी जंतुनाशकाने ओलं करून मग टिपून घ्या. कप्प्यात ब्लोअरची मोटर आणि वायरी असतात, तिथे ओतायचं नाही, ओलं फडकं फक्त. बॉनेट उघडून वायरींचं आवरण कुरतडलंय का तेही बघा.

---

घोडबंदर_हॅचबॅक

बैठक निघाली. डावीकडच्या क्लिपेला जोर लागला. फटीखालच्या फोमवर हाताएवढा पिवळा पट्टा आहे, पत्र्यावर थोडे वाळलेले क्षार. चाइल्ड सीटच्या कव्हरलाही वास आहेच. वेट-ड्राय व्हॅक्यूम शेजाऱ्यांचा मिळतोय, त्यात कागदी पिशवी आहे. तशीच ठेवायची का?

---

लॅब_तुर्भे

कागदी पिशवी आणि कापडी फिल्टर दोन्ही काढा, ओल्या कामासाठी दिलेला स्पंजचा बाहीसारखा फिल्टर चढवा. पिशवी भिजून फाटली की लगदा मोटरकडे जातो. टाकी अर्धी झाली की ओता, वरचा तरंगता बॉल वर येईपर्यंत थांबू नका. आणि काम झाल्यावर टाकी, पाइप, नोझल पाण्याने धुऊन, वाळवून मगच शेजाऱ्यांना परत द्या.